तिसऱ्या टाकीची नीळ

नीळमावशीच्या उजव्या हाताची नखं चौतीस वर्षं निळी होती. डाव्या हाताची नव्हती, कारण डावा हात ती टाकीच्या काठावर टेकवायची आणि पाणी ढवळायची उजव्याने. माणसं भेटली की आधी तिच्या नखांकडे बघायची, मग तोंडाकडे. एका नव्या गिऱ्हाइकाने एकदा काळजीने विचारलं होतं, "मावशी, बोटं दारात चेंगरली का हो?" ती म्हणाली, "दारात नाही, संसारात." गिऱ्हाईक हसलं आणि तेव्हापासून त्याचे कपडे दुसऱ्या कुठल्या लॉन्ड्रीत गेले नाहीत.

लॉन्ड्री दोन भावांची होती. थोरला दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभा असायचा आणि धाकटा सायकलला गठ्ठे बांधून घरोघरी पोचवायचा. मावशी ही थोरल्याची बायको. धाकट्याच्या बायकोला सगळे धाकटीच म्हणत. जावा जावा आणि उभा दावा, असं जग म्हणतं. इथे दावा मांडायलाही दोघींना सवड नव्हती. जे काही वाजायचं ते मावशीच्या बाजूने वाजायचं, आणि धाकटी मूग गिळून कपडे पिळत राहायची.

मागच्या खोलीत सिमेंटच्या तीन टाक्या होत्या. पहिली साबणाची, दुसरी साध्या पाण्याची, तिसरी निळीची. पहिल्या दोन टाक्यांवर धाकटी. तिसरीवर मावशी, आणि तिसरीला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं तिला खपत नसे. निळीतून निघालेले कपडे पुन्हा धाकटीकडे जायचे. ती ते मागच्या अंगणात नेऊन पिळायची आणि तारेवर घालायची. अंगणाला एक नळ होता आणि गल्लीत उघडणारं एक दार.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. पांढरं कापड कितीही धुतलं तरी पांढरं होत नाही. ते स्वच्छ होतं. घामाचा, साबणाचा, वयाचा एक पिवळेपणा त्यात उरतोच, आणि तो मारायला निळ्याचं बोट लागतं. नीळ कापडाच्या पुरचुंडीत बांधायची, शेवटच्या पाण्यात फिरवायची, पाणी खालपासून ढवळायचं आणि कपडा एका दमात बुडवून एका दमात वर काढायचा. रेंगाळलात तर पट्टे उठतात. कमी पडली तर कपडा आजारी दिसतो आणि जास्त झाली तर थंडीने गारठल्यासारखा. निळं दिसलं की चुकलं, दिसलं नाही की जमलं. मावशीला या कामाची गंमत वाटायची ती याच्यातच. रंग घालायचा, पण तो कुणाला दिसू नये म्हणून.

बाकी निळ्या रंगाचे नाना नमुने तिच्या हाताखालून गेले होते. कारखान्यातल्या कामगारांचे जाड निळे डगले यायचे, जे दहा वर्षं धुतले तरी रंग सोडत नव्हते आणि तेलाचा वासही. शाळेच्या शर्टांच्या खिशांवर शाईचे डाग यायचे, आणि आया ते घालवून द्या म्हणायच्या, जसा काही तो डाग मावशीनेच पाडला होता. एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला गडद निळा सूट आणून द्यायचे. तो त्यांनी कुठे घातलेला नसायचा. "धुवू नका, नुसता ब्रश मारा," असं ते हळूच सांगायचे. बायकोने पसंत केलेला होता, बायको गेली होती. मावशी ब्रशसुद्धा हलक्या हाताने मारायची आणि सूट दुसऱ्या दिवशी परत द्यायची. तेवढ्यापुरती तिची जीभ मऊ व्हायची.

एरवी ती मऊ नव्हती. मूलबाळ झालं नाही. कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण न बोललेलंही ऐकू येतंच. तिने मनाशी एक हिशेब पक्का केला होता. या घरात थोरल्याची इस्त्री आहे, धाकट्याची सायकल आहे, धाकटीची मुलगी आहे, आणि आपली नीळ आहे. गावात पाच लॉन्ड्र्या होत्या. मोठं हॉटेल, दवाखाना आणि शाळा आपल्याकडे येतात ते तिसऱ्या टाकीमुळे, हे तिला माहीत होतं आणि इतरांनी ते विसरू नये याची ती डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायची. पुरचुंडी बांधताना सगळ्यांकडे पाठ करायची. धाकटीने नवी असताना एकदा विचारलं होतं, "मला शिकवाल का?" तेव्हा मावशी म्हणाली होती, "तुला कशाला? मी मेले नाही अजून."

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना, दोन वर्षांपूर्वी जगाला काहीतरी झालं. कपडे पूर्वीसारखे निघेनात. मावशीने साबण बदलला. मग पाण्याला नावं ठेवली. मग माणसांना. "लोक हल्ली फार मळवतात," ती म्हणायची. "पूर्वी माणसं घामसुद्धा बेताने गाळायची." चादर उजेडात धरली की तिला त्यात मळकट पिवळी झाक दिसायची, आणि मग ती पुरचुंडी आणखी दोनदा फिरवायची. पुढे चारदा. नीळ पूर्वी महिनाभर पुरायची, ती पंधरा दिवसांत संपू लागली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती.

त्या दिवसांत एकदा धाकटी ओली चादर हातात घेऊन दारात उभी राहिली. "जाऊबाई, आज जरा निळं जास्त झालंय का?"

मावशीने वरसुद्धा पाहिलं नाही. "तीस वर्षं निळीत हात आहे माझा. तुझ्याच डोळ्यांत काहीतरी गेलंय. धुऊन ये."

धाकटी गेली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

पण तेव्हापासून तिचं काम रेंगाळायला लागलं. पिळून तारेवर टाकायला पूर्वी जितका वेळ लागायचा त्याच्या दुप्पट लागू लागला. अंगणातला नळ वाहतोय वाहतोय आणि बाई काही आत येत नाहीत. शिवाय तिच्या हातांना सदा काहीतरी आंबूस वास. मावशीचं डोकं तडकलं. एक दिवस तिने नळाची चावी काढून कनवटीला लावली आणि सांगितलं, "दिवसाला चार बादल्या भरून ठेवीन. त्यात काय करायचं ते कर. पाणी काही आभाळातून पडत नाही." पडतं ते आभाळातूनच, हे तिच्या नवऱ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो शहाणा माणूस, त्याने इस्त्री पुढे ढकलली.

पुढे तिला शर्टाची बटणं दिसेनात. पायऱ्या एकात एक मिसळू लागल्या. एका सकाळी ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पडली आणि गुडघा काळानिळा झाला. त्या दिवशी नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. धाकटीची मुलगी परगावी नोकरीला होती, तिने तिकडून फोनवर रडून गोंधळ घातला. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि चांगलाच पिकलाय. आधी उजवा करू, महिन्याने डावा.

"आणि तिसरी टाकी कोण बघेल?" मावशीने विचारलं.

डॉक्टरबाईंना वाटलं ती पाण्याच्या टाकीबद्दल बोलतेय. त्या म्हणाल्या, "कुणीही बघेल."

कुणीही बघेल, हीच तर भीती होती. रात्री अंथरुणावर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "अहो, नीळ हातातून गेली तर मग या घरात माझं काय?"  नवऱ्याने काहीही सांगितलं असतं तरी ती ऐकणार नव्हती. शेवटी तिने एक तोड काढली. दवाखान्यात जाण्याआधी एका मोठ्या बरणीत दाट नीळ कालवून ठेवली आणि नवऱ्याला बजावलं, "टाकीला एक वाटी. कमी नाही, जास्त नाही. आणि धाकटीला हात लावू देऊ नका."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी पट्टी काढली आणि मावशी खिडकीबाहेर बघतच राहिली. बाहेर होतं काय, तर समोरच्या इमारतीची गच्ची, दोन पाण्याच्या टाक्या आणि वर आभाळ. पण ते आभाळ निळं होतं. निळं असतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ती फक्त विसरली होती, आणि विसरलोय हेही विसरली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा डॉक्टरबाई घाईने म्हणाल्या, "रडू नका, डोळा ओला करायचा नाहीये." मावशीने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. तिला वाटलं, या बाईने आपल्याला काय दिलंय हे तिला स्वतःलाच ठाऊक नाही. रोज दहा जणांना देत असेल, सवय झाली असेल.

काळा चष्मा लावून ती घरी आली. खोलीत पडदा ओढलेला होता म्हणून तिने चष्मा काढला आणि पलंगापाशी थबकली.

"ही चादर कधी घेतलीत?"

"आपलीच आहे," नवरा म्हणाला.

"आपली पांढरी होती."

"हो, तीच."

चादर आकाशी होती. उशीचे अभ्रे आकाशी होते. खुंटीवर नवऱ्याचे तीन शर्ट टांगले होते, तेही तसेच. घरचे कपडे ती सुट्टीच्या दिवशी स्वतः धुवायची, त्यात कुणाचा हात नसायचा. ती चादरीवर हात फिरवत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की डॉक्टरबाईंनी गडबड केलीय.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेल्यावर ती खुर्चीत बसायच्या आत म्हणाली, "बाई, राग मानू नका. पण तुम्ही माझ्या डोळ्यात निळं भिंग बसवलंय."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कापसाचा बोळा पुढे केला. "हा कसा दिसतो?"

"पांढरा."

"हा कागद?"

"पांढरा."

"माझा कोट?"

मावशीने कोटाची बाही हातात घेतली, शिवणीपाशी उलटून पाहिली, कॉलरखाली पाहिली. ती ज्या पांढऱ्यासाठी चौतीस वर्षं टाकीवर उभी राहिली तसा तो पांढरा होता. "पांढरा," ती म्हणाली. "अगदी जसा हवा तसा."

"तुमच्याच लॉन्ड्रीतून येतो. कालच आलाय." मग डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यासमोर पिवळट काच धरल्यासारखं असतं. ती इतकी सावकाश येते की माणसाला पत्ता लागत नाही. पांढरं पिवळं दिसतं, आणि निळं तर जवळजवळ दिसेनासंच होतं. खात्री करायची असेल तर घरी एकेक डोळा झाकून बघा.

मावशीला घरी जायची गरज नव्हती. तिने तिथेच उजवा डोळा हाताने झाकला. कोट मळका पिवळा झाला. डावा झाकला. कोट पांढरा झाला. असं तिने तीनदा केलं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. आणि तिने दोन वर्षं सगळ्या गावाच्या कपड्यांवर त्या पिवळ्याचा सूड उगवला होता.

रस्त्याने चालताना ती मनाशी हिशेब मांडत गेली. घरच्या चादरी निळ्या झाल्या, त्या अर्थी हॉटेलचे टेबलक्लॉथ, शाळेचे शर्ट, दवाखान्याचे पडदे, सगळं निळं व्हायला हवं होतं. तीच टाकी, तीच नीळ, तोच हात. लोकांनी हसायला हवं होतं. गिऱ्हाइकं तुटायला हवी होती. एकही तुटलं नव्हतं. आणि हा कोट तर तिच्या मागे, तिच्याच बरणीतल्या निळीने निघालेला. घराकडे वळायचं ते ती वळली नाही. मागच्या गल्लीने गेली आणि अंगणाचं दार ढकललं.

धाकटी पाठमोरी वाकलेली होती. तिच्यासमोर मोठं घमेलं होतं, घमेल्यात चादर, आणि घमेल्याच्या काठावरून फिकट निळं पाणी मोरीकडे वाहत होतं. बाजूला नीळ उतरवणाऱ्या आंबूस शिरक्याची बाटली. धाकटीने बाटलीतून थोडंसं पाण्यात ओतलं, चादर हलक्या हाताने चोळली, वर काढली, उजेडात धरली आणि पुन्हा बुडवली. घाई अजिबात नाही. कडेला भरलेल्या चार बादल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे आणखी तीन, त्यांच्या कड्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक नळावरून बादल्या आणताना हातांना कडी रुतू नये म्हणून चिंध्या गुंडाळतात, हे मावशीला कुणी सांगायला नको होतं.

एकीने घालायचं आणि दुसरीने काढायचं. दोन वर्षं या लॉन्ड्रीत हे चाललं होतं.

"कधीपासून करतेस हे?"

धाकटी दचकून उभी राहिली. आधी बाटली पाठीमागे लपवली, सवयीने, मग लक्षात आलं की आता काही उपयोग नाही. "जाऊबाई, तुम्ही पाण्याजवळ यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी काय विचारतेय?"

"झाली दोन वर्षं."

"सगळे कपडे?"

"सगळे नाही. पांढरे तेवढे."

मावशीला आधी राग आला. तो खरा रागही नव्हता, लाजेला तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून ती रागाच्या मागे उभी राहिली. "आणि मला सांगायचं नाही? सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढायचं?"

"सांगितलं होतं की. एकदा."

"एकदाच? पडदा माझ्या डोळ्यांवर आला होता, अकलेवर नाही. दुसऱ्यांदा सांगायचं होतंस."

धाकटीने ओले हात अंगाला पुसले. ती जन्मात एका दमात चार वाक्यं बोलली नव्हती, त्यामुळे तिला सुरुवात सापडायला वेळ लागला. "दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं असतं. आणि पटलं असतं तर तुम्ही टाकी सोडली असतीत. मग दिवसभर जिन्यावर बसून राहिला असतात. मला ते बघवलं नसतं."

धाकटीने वाकून घमेल्यातली चादर पाण्यात नीट दाबली.

"आमची पोरगी जन्मली तेव्हाचं आठवतंय ना तुम्हाला?"

मावशीला त्या दिवसाचं आठवत होतं ते एवढंच, की हॉटेलचे आठ टॉवेल वाया गेले आणि मॅनेजर तणतणला. धाकटीला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या होत्या, गाडी मिळेना, आणि इस्त्रीच्या खोलीतच बाळंतपण झालं. पोर जन्मली ती निळी. ओठ निळे, नखं निळी, आवाज नाही. मदतीला आलेल्या शेजारणीने मान हलवली आणि बाजूला ठेवा म्हणाली. मावशीने पोर तिच्या हातातून ओढून घेतली, इस्त्रीखालून निघालेले गरम टॉवेल एकामागून एक लावले, पाठ चोळली, पाय चोळले, चापट्या मारल्या, शिव्या दिल्या. किती वेळ, ते कुणालाच सांगता आलं नसतं. आठव्या टॉवेलला पोर रडली आणि हळूहळू तांबूस झाली.

"तुम्ही तेव्हा कुणाला विचारलं नाहीत," धाकटी म्हणाली. "ते निळं तुम्ही काढलंत. हे तर नुसतं कापड आहे."

त्या घरात आभार हा शब्द फक्त पावतीच्या तळाशी छापलेला असायचा. तोंडाने तो कुणी कधी म्हटला नव्हता. मावशी दोन पावलं पुढे आली आणि तिने धाकटीचे हात आपल्या हातात घेतले. ते हात तिने खरं तर कधी पाहिलेच नव्हते. बोटांची टोकं पाण्याने पांढरीफटक पडली होती, पेरांवर भेगा होत्या आणि त्या भेगांत शिरका झोंबत असणार. या हातांना ती आळशी म्हणाली होती. या हातांना तिने चार बादल्यांवर ठेवलं होतं.

"धाकटे," ती म्हणाली, "गावात माझं जे नाव आहे ना, ते दोन वर्षं तू चालवलंयस. मी नुसती काठावर उभी होते. तुझे उपकार आहेत माझ्यावर. हे मी आज म्हणतेय, पुन्हा म्हणायला जमेल की नाही माहीत नाही, म्हणून नीट ऐकून घे."

"ऐकलं," धाकटी म्हणाली, आणि मग घाबरून, "डोळा ओला करू नका."

कनवटीची चावी मावशीने तिथल्या तिथे काढून नळाला लावली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला धारेवर धरलं. तो दोन वर्षं निळे शर्ट घालून इस्त्री करत होता, वरून खाकी कोट असायचा म्हणून गिऱ्हाइकांना दिसायचे नाहीत, पण त्याला तर दिसत होते. "तुम्ही तरी सांगायचंत."

"मला वाटलं फॅशन बदलली असेल," तो म्हणाला. मग शर्टाची बाही सारखी करत, "तू धुतलेलं होतं. मला चांगलं दिसायचं." यावर काय भांडणार? ती खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, हेही तिला आजच दिसत होतं.

तरी मन आपल्या वळणावर जातंच. पुढचे दोन दिवस मावशी धरून बसली की आता ही टाकी नको, हा हात खोटा ठरला. तिसऱ्या दिवशी धाकटीच तिच्यासमोर येऊन बसली. "जाऊबाई, मला निळं काढता येतं. घालता येत नाही. बरणीतली नीळ परवा संपेल. मग काय करायचं?"

मग मावशी उठली. पाण्यात हात घालायला मनाई होती, म्हणून ती टाकीशेजारी स्टूल टाकून बसली आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणाकडे पाठ न करता पुरचुंडी बांधली. कापड किती घट्ट, गाठ कुठे, पाणी कोणत्या बाजूने ढवळायचं, हे सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आता ओंजळीत पाणी घे. तळहातावरच्या रेषा दिसल्या पाहिजेत, पण जराशा लांबून. बघ, अजून दोन फेरे लागतील."

धाकटीने ओंजळीत पाहिलं. "एक पुरेल," ती म्हणाली.

"दोन."

"मग एका फेऱ्याचं निळं मला बाहेर नेऊन काढावं लागेल."

मावशीने डावा डोळा झाकून वाकून पाहिलं. एक पुरणार होता. दोन वर्षं जे रोज थेंबाथेंबाने काढलं, त्याचं माप धाकटीच्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं, तिला स्वतःलाही न कळता. मावशी हसायला लागली ते थांबेचना. "मेले, मी तुला शिकवायचं नाही म्हणून जपलं आणि तू उलट्या बाजूने शिकून बसलीस." धाकटीही हसली, आणि हसताना तिचा फेरा चुकला, आणि त्या दिवशी हॉटेलच्या चार टेबलक्लॉथांना पुन्हा अंगणात जावं लागलं. ते मात्र दोघींनी मिळून धुतले, म्हणजे धाकटीने धुतले आणि मावशीने स्टुलावरून नावं ठेवली.

महिन्याने डाव्या डोळ्याची वेळ आली. या वेळी मावशीने बरणी भरून ठेवली नाही, नवऱ्याला काही बजावलं नाही. आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी थट्टेने विचारलं, "तुमची ती टाकी कोण बघतंय मग?"

"आहे की घरात माणूस," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्याच्या बाकावर बसून होती. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा उघडा, पट्टी काढायला अजून अर्धा तास होता. धाकटी आली ती थेट लॉन्ड्रीतून, काखेत दवाखान्याच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन. तिच्या एकटीच्या हातच्या निळीतून निघालेला हा पहिला गठ्ठा होता. बाकावर बसून तिने वरचा कोट काढला आणि मावशीच्या मांडीवर ठेवला. तिची नखं आता कडेने निळी दिसू लागली होती.

"आत देण्याआधी एकदा बघता का, जाऊबाई?"

खिडकीतून उजेड चांगला येत होता. कोट उजेडात धरला असता तर एका नजरेत काय ते कळलं असतं. मावशीने कोटाची कड बोटांत धरली, ओल राहिली नाही ना ते चाचपलं.

"तुला कसा दिसतोय?"

धाकटीने वाकून कॉलरखाली पाहिलं. मग म्हणाली, "पांढरा."

"मग झालं तर," मावशी म्हणाली. तिने उघडा डोळाही मिटून घेतला, हातांनीच कोटाची घडी घातली आणि तो धाकटीला परत दिला. "जा, देऊन ये. मी बसलेय इथे."